बेरीज करून दाखवा, मग आत या

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई वेब डेव्हलपर आहेत. नावनोंदणी, भेटीची वेळ ठरवणं आणि शुल्क भरणं या तीन कामांची एक वेबसाइट त्या दोन सहकाऱ्यांसोबत सांभाळतात. मध्यंतरी एका वापरकर्त्याचा निरोप आला. पक्षाघातानंतर त्यांचं बोलणं-वाचणं बरंचसं परत आलं आहे, पण आकडे ‘डोक्यात टिकत नाहीत’. लॉगिनच्या पानावरची छोटी बेरीज चुकते, मोबाइलवर आलेला कोड टाइप होईपर्यंत त्याची मुदत संपते आणि एकदा रकमेत एक शून्य जास्त पडलं. वरिष्ठांचं म्हणणं, “एका माणसासाठी साइट बदलायची का? घरचं कोणीतरी भरून देईल.” बाईंना ते पटत नाही. सगळे आकडे अक्षरांत लिहिलेली एक वेगळी ‘सोपी आवृत्ती’ करावी, असं त्यांच्या मनात आहे. हे योग्य होईल का आणि सुरुवात कुठून करावी, असं त्या विचारतात. काही वावगं लिहिलं जाईल या धास्तीने त्या गृहस्थांना अजून उत्तरही गेलेलं नाही.

---

आधी त्या गृहस्थांना उत्तर पाठवा, आजच. तोडगा तयार होईपर्यंत थांबू नका. “तुमचा निरोप मिळाला. अडचण आमच्या साइटमध्ये आहे, त्यावर काम करतोय. तोवर शुल्क भरण्यासाठी ही दुसरी सोय आहे,” एवढं पुरे. तुमचं संकोचणं मला समजतं, पण ज्याने इतकं नेमकं लिहून कळवलं त्याला उत्तरच न येणं जास्त लागतं. त्यांनी तीन अडचणी तीन वाक्यांत सांगितल्या आहेत. मोबदला देऊन केलेल्या चाचण्यांतूनही इतकं नेमकं क्वचितच हाती येतं.

तुमच्या पत्रात ‘गणित न जमणारे लोक’ हा शब्दप्रयोग दोनदा आला आहे. तिथे जरा थांबू या. या गृहस्थांना गणित जमत होतं, कदाचित तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं. ते गेलं, आणि गेल्याचं त्यांना रोज कळतं. मेंदूला इजा झाल्यावर येणाऱ्या या अडचणीला अकॅल्क्युलिया म्हणतात. हे नाव स्वीडिश मेंदूतज्ज्ञ सॉलोमन हेन्शेन यांनी साधारण शंभर वर्षांपूर्वी दिलं. पक्षाघात, डोक्याला मार, मेंदूतली गाठ, काही प्रकारचा स्मृतिभ्रंश अशी त्याची कारणं असतात. लहानपणापासून असणारा डिस्कॅल्क्युलिया वेगळा. तिथे माणूस आकड्यांशी जुळवून घेतच मोठा होतो, इथे मात्र काल हाताशी असलेली गोष्ट आज नाहीशी झालेली असते. म्हणूनच अशा वापरकर्त्याशी लहान मुलाशी बोलल्यासारखं बोललेलं त्यांना लगेच कळतं. ‘सोपी आवृत्ती’ हे नावच पाहा. ते बटण दाबणं म्हणजे दर वेळी आपली हार कबूल करणं.

दुसरं गृहीतक म्हणजे ‘आकड्यांची अडचण’ ही एकच एक गोष्ट आहे. १९२६ मध्येच हान्स बर्गर यांनी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख काढणारे हेच ते) तिचे दोन भाग दाखवले होते: खुद्द हिशोबाची क्षमता जाणं, आणि भाषा, स्मृती किंवा लक्ष यांत बिघाड झाल्यामुळे हिशोब अडणं. पुढे, १९९२ मध्ये, फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी मांडलं की मेंदू संख्या तीन रूपांत हाताळतो: अंकांचं दृश्य रूप, शब्दरूप आणि ‘किती’ याची जाण. यातलं एक रूप दुखावलं तरी बाकीची शाबूत असू शकतात. ब्रिटिश मेंदू-मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९८२ मध्ये एका डॉक्टरांची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूत रक्तस्राव झाल्यानंतर त्यांना साध्या बेरजा-वजाबाक्या अडखळत कराव्या लागत आणि त्या चुकतही, पण उत्तर साधारण केवढं असेल याचा अंदाज ते बरोबर देत आणि बेरीज म्हणजे काय, वजाबाकी म्हणजे काय हेही त्यांना नीट ठाऊक होतं.

तुमच्या कामाच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं असं: एकाला अंक वाचता येतात पण ते शब्दांत उतरत नाहीत, दुसऱ्याचं नेमकं उलट. कोणी ‘एकशे पाच’ ऐकून शंभर लिहितो, पुढे पाच जोडतो आणि १००५ टाइप करून बसतो. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही; ४,२५० मधला ४ निसटतो आणि २५० उरतात, म्हणजे सर्वांत जास्त किमतीचा अंकच गायब. डाव्या बाजूच्या विशिष्ट जागी इजा झाली, तर हिशोब, लिहिणं, बोटं ओळखणं आणि डावं-उजवं कळणं या चारही गोष्टी एकत्र बिघडू शकतात. त्याला गेर्स्टमान सिंड्रोम म्हणतात. तेव्हा ‘उजवीकडचं बटण दाबा’ अशी सूचना साइटवर कुठे असेल तर तीही बदला आणि बटणाचं नाव लिहा.

आता तुमची अक्षरी आवृत्ती या पार्श्वभूमीवर पाहा. ज्यांचं शब्दरूप दुखावलं आहे त्यांना तुम्ही आणखी अडवाल. त्यात मराठी संख्यानामं आपल्या वाटतात म्हणून सोपी समजायची नाहीत. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो, वीस नंतर, लिहिताना उलट. एकोणसाठ ऐकल्यावर साठातून एक वजा करावा लागतो. वेळ सांगताना ‘पावणेतीन’ लिहिलं की घरगुती वाटतं, पण तीही वजाबाकीच. शंभरपर्यंतची बहुतेक नावं जशीच्या तशी पाठ असावी लागतात आणि इजेनंतर नेमका हा पाठांतराचा साठाच हरवलेला असू शकतो. म्हणून अंक काढू नका. अंक ठेवा, त्याखाली तीच संख्या अक्षरांत लिहा आणि शेजारी मोठ्याने वाचून दाखवणारं बटण द्या. ज्याला जे रूप जमतं ते तो घेईल. (पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला विसरू नका, नाहीतर वाचणारा आवाज तुमचे आकडे भलत्याच भाषेत वाचू शकतो.) आणि संपूर्ण साइटवर एकच अंकलिपी ठेवा. देवनागरी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, देवनागरी एक इंग्रजी नवासारखा. बिल एका लिपीत आणि कोड दुसऱ्या लिपीत, अशी सरमिसळ निरोगी डोळ्यांनाही फसवते.

म्हणजे वेगळी आवृत्ती नको. तिला दुसराही धोका आहे: मूळ साइट बदलत राहते, ही वेगळी आवृत्ती मागे पडते आणि वर्षभरात तिच्यावर जुनं शुल्क दिसू लागतं. त्याच पानावर ‘आकडे अक्षरांतही दाखवा’ अशी निवड ठेवा आणि ती एकदा केली की लक्षात ठेवा.

पण आकडे कसे दाखवायचे यापेक्षा मोठा प्रश्न मला वेगळाच दिसतो. संगणक हे आकडेमोडीचं यंत्र. ते समोर असताना आपण आकडेमोड माणसाकडून का करून घेतो? तुमच्या गृहस्थांच्या तिन्ही तक्रारी पाहा. एकीत त्यांना बेरीज करायला लावली, दुसरीत अंक एकीकडून दुसरीकडे वाहून न्यायला लावले, तिसरीत साइटला आधीच ठाऊक असलेली रक्कम टाइप करायला लावली. तुमच्या साइटचं प्रत्येक पान उघडून एकच विचारा: इथे माणसाला मोजायचं, लक्षात ठेवायचं, उतरवायचं किंवा दोन आकड्यांची तुलना करायची आहे का? असेल तर ते काम यंत्राकडे ढकलता येईल का?

बेरजेपासून सुरू करा. ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी ७ + ५ किती ते लिहा’ हा प्रकार मला पहिल्यापासून विनोदी वाटत आला आहे. बेरीज यंत्रालाच उत्तम येते. अडतो तो माणूस. ती काढून टाका. माणसाला न दिसणारी पण स्वयंचलित प्रोग्राम भरून टाकतात अशी एक रिकामी चौकट फॉर्ममध्ये ठेवता येते, शिवाय एकाच ठिकाणाहून धडाधड येणाऱ्या विनंत्या सर्व्हरवर रोखता येतात. बरीचशी आगंतुक गर्दी यातच थांबते.

मग कोड. यात जरा खोल जाऊ या, कारण सहा अंकी कोड ही एकच पायरी दिसते, पण तीत पाच कामं दडलेली असतात: दुसऱ्या स्क्रीनवर जा, अंक वाचा, क्रमासकट लक्षात ठेवा, परत या, त्याच क्रमाने टाइप करा. आणि वरून घड्याळ टिकटिकतंय. अंकांचा क्रम उलटणाऱ्या माणसाला यातली पाचही कामं करता आली तरी मुदतीत येतीलच असं नाही. इथे उपाय बरेच आहेत आणि बहुतेक स्वस्त आहेत. कोडच्या चौकटीला ऑटोकम्प्लीटचं (चौकट आपोआप भरण्याच्या सोयीचं) ‘वन-टाइम-कोड’ हे मूल्य द्या. अनेक फोन मग संदेशातला कोड स्वतःच सुचवतात आणि एका स्पर्शात तो भरला जातो. सहा अंकांसाठी सहा सुट्या चौकटी करू नका. त्या देखण्या दिसतात, पण पेस्ट करणं अनेकदा त्यांच्यामुळेच फसतं. एकच चौकट ठेवा, पेस्ट करायला मुभा द्या, मध्ये रिकामी जागा आली तरी चालवून घ्या. त्याहून बरं म्हणजे कोड नकोच असा पर्याय द्या: ईमेलवर आलेल्या लिंकवर क्लिक करून आत येणं, किंवा पासकी, म्हणजे फोनचं कुलूप उघडतो तसं बोटाने किंवा चेहऱ्याने. कोडला सुरक्षेसाठी मुदत हवी हे मान्य. पण मुदत संपली म्हणून भरलेला फॉर्म पुसला जाऊ नये. नवा कोड यावा आणि काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू व्हावं.

वरिष्ठांसमोर मांडायला इथे तुमच्या हाती भक्कम आधार आहे. वेब सुगम्यतेचे, म्हणजे साइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे, जागतिक निकष, डब्ल्यूसीएजी २.२, ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. त्यातला ३.३.८ हा निकष सांगतो की लॉगिनसाठी पाठांतर, उतरवून काढणं, हिशोब किंवा कोडं सोडवणं भाग पडत असेल, तर त्याला दुसरा पर्याय किंवा मदतीची सोय हवी. हा एए पातळीचा निकष आहे, आणि साधारणपणे याच पातळीची अपेक्षा केली जाते. त्याहून मूलभूत अशा ए पातळीवर २.२.१ आहे: पानाला वेळेची मर्यादा असेल तर काही अपवाद वगळता ती बंद करता यावी, किमान दहापट वाढवता यावी, किंवा संपण्याआधी सूचना येऊन मुदत वाढवायला किमान २० सेकंद मिळावेत. म्हणजे तुमच्या गृहस्थांच्या तीनपैकी निदान दोन तक्रारी निकषांनी आधीच ओळखलेल्या आहेत. पण निकष पार केले की काम झालं असं मात्र समजू नका. आकड्यांना पर्याय द्या ही सूचना स्पष्टपणे येते ती हे निकष काढणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्याच एप्रिल २०२१ च्या टिपणात, जे आकलनाच्या आणि शिकण्याच्या अडचणींविषयी आहे, आणि ते बंधनकारक नाही.

“घरचं कोणीतरी भरून देईल” यावर मी वरिष्ठांना एवढंच विचारेन: ‘हा कोड कोणालाही सांगू नका’ असं आपणच पाठवलेल्या संदेशात लिहिलेलं असतं ना? ज्याला मदतनीस हवा आहे त्याच्यासाठी अधिकृत सोय करा, म्हणजे विश्वासातल्या माणसाला स्वतःच्या लॉगिनने तेवढंच काम करता येईल आणि मूळ खातेदाराला काय झालं ते दिसेल. पण ही सोय मागणाऱ्यासाठी आहे. सगळ्यांनी मदतनीस शोधावा म्हणून नाही. आणि ‘एक माणूस’ हा हिशोबही तपासून पाहायला हवा. अर्ध्यावर अडलेली माणसं सहसा पान बंद करून निघून जातात, पत्र लिहीत बसत नाहीत.

आता रक्कम. शुल्क ठरलेलं असेल तर ती चौकट काढून टाका; जास्तीच्या शून्याला जागाच उरत नाही. रक्कम खरोखरच माणसाने ठरवायची असेल, तर चौकटीखाली ती टाइप होत असतानाच अक्षरांत उमटू द्या. इथे अक्षरी रूपाचा खरा उपयोग आहे: पाचशेच्या जागी पाच हजार दिसलं की बराच वेळा डोळ्यांच्या आधी कानाला खटकतं. ज्यांची ‘किती’ ही जाण शाबूत आहे, त्या डॉक्टरांसारख्यांना तुलना उपयोगी पडते: ‘ही रक्कम तुम्ही मागच्या वेळी भरली त्याच्या दहापट आहे. बरोबर आहे का?’ पैसे जाण्याआधी एक तपासणीचं पान असावं, त्यावर कोणाला, कशासाठी, किती एवढंच असावं, आणि चूक लक्षात आल्यावर परत फिरायची वाट असावी. सवलत असेल तर टक्के सांगून मोकळे होऊ नका. वजाबाकी तुम्ही करा आणि भरायची रक्कम सर्वांत ठळक लिहा. कर, शुल्क, सवलत यांची फोड हवी त्याने उघडून पाहावी.

अंक भरायच्या चौकटींसाठी एक तांत्रिक टीप. एचटीएमएलचा (वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचा) ‘नंबर’ प्रकार वापरला असेल तर बदला. चौकट निवडलेली असताना माउसचं चाक फिरलं की त्यातला आकडा चुपचाप बदलू शकतो, आणि ज्याला आकडा पडताळणंच कठीण आहे त्याच्या ते लक्षातही येणार नाही. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन चमूने २०२० मध्ये याच प्रकारच्या अडचणींमुळे साधी मजकूर चौकट आणि सोबत अंकांचा कळफलक असा बदल केला. लांब क्रमांक गटागटाने दाखवा, टाइप करताना मोकळी जागा किंवा रेघ आली तर सर्व्हरवर काढून टाका, आणि एकदा विचारलेला क्रमांक पुढच्या पानावर पुन्हा विचारू नका. ‘अवैध क्रमांक’ असा लाल शेरा कोणाच्याच कामाचा नाही; कुठल्या गटात गडबड आहे तो गट उठून दिसू दे. खरं तर बऱ्याच ठिकाणी क्रमांकाची गरजच नसते. नोंदणी क्रमांकाऐवजी नाव किंवा ईमेल देऊन माहिती सापडली तर काय बिघडतं?

तारखांचंही तसंच. ०३/०४ मध्ये दिवस कुठला आणि महिना कुठला हे कोणालाही विचारावं लागतं. महिन्याचं नाव अक्षरांत लिहा, सोबत वार द्या, जवळची तारीख असेल तर ‘उद्या’ किंवा ‘पुढचा मंगळवार’ लिहा. वेळेसोबत सकाळ-दुपार-संध्याकाळ असू द्या. ‘पायरी ३/७’ च्या जागी पायरीचं नाव. संपर्कासाठी फोन नंबर द्याल तो स्पर्श करताच लागणारा असावा, आणि ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ ही एकमेव वाट असू नये. टंक (फॉन्ट), रंग, मोकळी जागा याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच पाहा की निवडलेल्या टंकात एक आणि सात, तीन आणि आठ एकमेकांपासून दुरूनही वेगळे ओळखू येतील.

हे केल्यावर त्या गृहस्थांना चाचणीसाठी विचारायचं का? जरूर विचारा, आणि वेळेचा मोबदला द्या. आजाराची कागदपत्रं मागू नका, निदान विचारू नका, आणि चुकूनही “बघू, दोन आणि तीन किती?” असल्या परीक्षा घेऊ नका. एक खरं काम द्या: पुढच्या आठवड्यातली वेळ घ्या. कागद, कॅल्क्युलेटर, शेजारी बसलेलं माणूस, जे ते घरी वापरतात ते इथेही वापरू द्या. मेंदूच्या इजेनंतर थकवा फार लवकर येतो, म्हणून वेळ त्यांच्या सोयीची ठेवा आणि बैठक छोटी. किती सेकंद लागले हे मोजून फारसं कळणार नाही. कुठे थांबले, कुठे पुन्हा मागे जाऊन पाहिलं, कुठे अंदाजाने बटण दाबलं, ते टिपा. एकाच माणसावर मात्र विसंबू नका. वाणी-उपचारतज्ज्ञ आणि पुनर्वसन केंद्रं यांच्यामार्फत आणखी दोघा-तिघांना विचारता येईल, आणि त्यांच्या अडचणी एकमेकांशी जुळणार नाहीत याची तयारी ठेवा. एकाला अक्षरी रक्कम हवीशी वाटेल, दुसरा म्हणेल ती काढा, गोंधळ होतो. तिथे बहुमत घेऊ नका. म्हणूनच तर निवड ठेवायची.

तुम्ही तिघंच आहात, तेव्हा क्रम सांगतो. बेरीज आणि ठरलेल्या रकमेची चौकट काढणं ही एका दिवसाची कामं आहेत. त्यानंतर कोडची एकसंध चौकट, पेस्ट आणि मुदत. मग तपासणीचं पान. ईमेल-लिंक किंवा पासकी थोडी मागून आली तरी चालेल, पण आराखड्यात आजच लिहून ठेवा. भेटीची वेळ निवडायचं महिन्याच्या चौकोनांचं कॅलेंडर सर्वांत शेवटी घ्या. ते नीट करायला वेळ लागतो, आणि तोवर त्याच्या वर ‘सर्वांत लवकरची मोकळी वेळ’ असं एक बटण ठेवलं तर अनेकांना ते उघडावंच लागणार नाही.